न घेतलेली कोंबडी

—आणि ‘टाकलेला’ हा शब्द परत माझ्या अंगणात काढू नकोस, पोरी. एकदा तुझ्या कागदातून वाचून दाखवलास, ऐकून घेतलं, पाहुणी आहेस. काय होतं ते— ‘तिठ्यावरच्या उकिरड्यावर टोपलीत टाकलेला सापडला, आईबाप अज्ञात.’ अज्ञात! ते बघ, केळीच्या अलीकडं, मातीचे दोन उंचवटे. तो ओचोला, माझा धाकटा दीर. ती अकेयो, माझी जाऊ. तो सरोवरात होडी उलटून गेला, ती पुढच्याच वर्षी तापानं. अज्ञात आईबाप असे घरासमोर निजतात होय? सरक इकडं, ऊन लागतंय तुला. चहा घे. आणि ‘मॅडम’ नको म्हणूस मला. न्यार-उगेन्या म्हणतात मला, उगेन्या मुलखाची लेक— सासरी येऊन केस पिकले तरी माहेरचंच नाव चिकटलंय, हे तरी ठाऊक आहे ना तुला?

तेही नाही? नाव तर आमच्यातलंच लावतेस, अदोंगो. बापानं नैरोबीत वाढवलं आणि मक्याची उगाली तेवढी खायला शिकवली वाटतं. बरं, मग ऐक. ज्या बाईची पोरं जगत नाहीत ना, ती पुढचं झालं की टाकते. खोटं खोटं गं! मरणाला फसवायला. ते येतं, बघतं— हे तर उकिरड्यावरचं, आईलाच नको झालेलं, ह्याला नेऊन काय करू— आणि पुढं जातं. अकेयोची आधीची सगळी गेली होती. हा झाला, तर आमच्या सासूनं उजाडता उजाडता टोपलीत घालून तिठ्यावर नेऊन ठेवला. दुसरी बाई झुडपामागं उभीच असते, ठरलेलं असतं सगळं. ती उचलते आणि गावभर ओरडत येते— अगं मला पोर सापडलं, कुणी टाकलं गं हे! उचलणारी कोण? मी. मग आई कोंबडी देऊन आपलंच पोर सोडवून घेते. झालं. मुलगा असला तर नाव ओविती, मुलगी असली तर अविती— टाकलेली. पलीकडच्या वाडीचा शिक्षक ओविती, दुकानदारीण अविती. सगळ्यांना गाडीत घालून तुमच्या अनाथाश्रमात नेणार आहेस काय?

कुणी सांगितलं तुमच्या ऑफिसात ते ठाऊक आहे मला. ओदेरानं. माझ्या नवऱ्यानं. आणि खोटं बोलला नाही तो, हीच तर त्याची हुशारी. ‘टोपलीत सापडला, माझ्या बायकोनंच उचलला.’ तुम्ही गावातल्या जाणत्यांना विचारलंत, त्यांनीही माना हलवल्या— हो हो, तिनंच उचलला, आम्ही पाहिलं. कशाला विचारताय ते तुम्ही सांगितलं नाहीत, त्यांनी विचारलं नाही. सगळी माणसं खरं बोलली आणि पोर बेवारस झालं! का म्हणून काय विचारतेस? जमीन बघ ना. केळीपासून खाली ओढ्यापर्यंत ओचोलाची. माझ्या धाकट्या सवतीला तीन मुलगे, आणि ओदेराच्या वाट्याची जमीन एवढीशी. आमचा ओविती तुमच्याकडं वाढला, मिसरूड फुटल्यावर परत आला, तर झोपडी कुठं बांधेल? बापाच्या अंगणात ज्याची झोपडी नाही त्याला कोण ओळखतं इथं? पोटभर जेवलेला परका, दुसरं काय!

तुमच्या आश्रमाला पैसे पाठवणारी ती बाई चांगली असेल गं. थंड मुलखात बसून न पाहिलेल्या पोरासाठी हात सैल सोडते, तिला मी नावं ठेवत नाही. तुमच्याकडं पलंग आहे, बूट आहेत, तीन वेळचं जेवण आहे. माझ्याकडं सुकी मासळी, तीही असली तर. त्याची चड्डी मागून फाटलेली आहे— मी शिवते, तो फाडतो. गरिबी लपवत नाही मी. पण त्या बाईला विचार, पैसा पोराला देतेस का पलंगाला? पोर इथं झोपलं तर त्याची फी भरता येत नाही? नियम? कुणाचा नियम? ज्यानं केला त्याला म्हणावं, ये आणि न्यार-उगेन्याच्या चुलीशी बसून सांग.

पोरगा शाळेत आहे. आणि मास्तरला सांगून ठेवलंय, माझ्याशिवाय कुणाच्या हाती द्यायचा नाही, बाप्या माणसाच्या तर नाहीच.

काय? कोंबडी? ...दिली की अकेयोनं. म्हणजे आणली होती. पांढरी, पाय बांधलेली. चांगली जड होती.

मी घेतली नाही.

पेन खाली ठेव. हे लिहायचं नाही. माझी कूस कधी उजवली नाही, पोरी. आणि त्या टोपलीत तो राखेनं माखलेला, रडत नव्हता काही नव्हता, माझं बोट धरून बसला. तिठ्यापासून घरापर्यंत मला ओरडत यायचं होतं ना— मी ओरडलेच नाही, हळूहळू चालत आले. पोर मी दिलं हो तिला! पाजायला दिलं, निजवायला दिलं. पण तिनं कोंबडी आणली की मी म्हणायचे, आज राहू दे गं, आज जेवलेय मी. पुन्हा आणली, पुन्हा जेवलेच होते. हसायचो दोघी. तिला कळलं होतं का? कळलं असणार. बोलली नाही कधी. आता ओदेरा म्हणतो, तू सोडलाच नाहीस तर तो ओचोलाचा नाही, तुझा आहे. आणि तू माझी, तेव्हा मी ठरवणार. माझंच वागणं माझ्या गळ्यात घातलं मेल्यानं.

म्हणून निरोप धाडलाय. अकेयोची म्हातारी आई उद्या येतेय कोंबडी घेऊन. त्याच जाणत्यांसमोर घेणार मी. कापणार, शिजवणार, हाडं चोखून खाणार. मग सुटला तो. ओचोलाचा लेक, अकेयोचा लेक, ओढ्यापर्यंत जमीन त्याची. मी कोण? काकू. आई म्हणतो मला तो. म्हणू दे. तेवढं काही कोंबडीच्या मोलात येत नाही. तू रडतेस कशाला? चहा गार केलास. लिही आता, लिही— आईबाप ज्ञात, पोर घरी. पुढचं त्या बाईला ठरवू दे.

थांब. तो बघ आला. ओदेराच तो, इस्त्रीचा शर्ट घालून— पोराला गाडीत बसवून द्यायला आलाय. नको, तू बसू नकोस. पाहुण्यासमोर तो गोड बोलतो, आणि तो गोड बोलला की मी गप्प होते, आजवर अशीच गप्प होत आले. कप राहू दे तिथंच. गाडी आंब्याकडून वळव, इकडं शेळ्या बांधल्यात. ऊठ म्हणते ना! पुढचं बोलणं आमच्या घरातलं आहे.