खोकला कोणाचा लिहायचा

तुम्ही हसाल, पण झालं असं. शेजारच्या साखर कारखान्याच्या धुरानं गाव खोकतंय का, ते तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. सरपंच माझ्या कानाशी लागले, "दादा, गुऱ्हाळाचं बोलू नका. नाहीतर कारखाना नामानिराळा राहील."

बाईंनी विचारलं तसं मी सांगून टाकलं, "जलमभर गुऱ्हाळाच्या चुलवाणाला जाळ घातला."

"मग तुमचा खोकला त्या धुराचाही असेल," बाई म्हणाल्या. "कामात कधी धूर खाल्ला नाही, तरी खोकतो, असा माणूस हवा."

"घालवलं का समदं!" सरपंच माझ्यावर ओरडले, अन् खोकत खोकत खालीच बसले.

मी सावकाश म्हणालो, "बाई, यांचा लिवा. यांनी जलमात कुठलंच काम केलेलं न्हाई."