तुमी म्हणाल तसं

(बारामती, एकोणीसशे सत्त्याण्णव. लहान मुलांच्या दवाखान्यातलं बाहेरचं बाकडं. त्यावर दोन विहिणी: पळसदेवची रंगूबाई, वैजयंताची आई, आणि काटेवाडीच्या लीलाबाई, वैजयंताची सासू. वैजयंता आत, बाळाला पाजते आहे.)

रंगूबाई : काजळ कुणी घातलं म्हणून डॉक्टरीणबाईनं इचारलं, तवा तुमी माझ्याकडं का बघितलंत, इहीणबाई?

लीलाबाई : मग कुणाकडं बघू? लेकरू तुमच्या घरी, बाळंतीण तुमच्या घरी. मी आज सकाळी काटेवाडीवरनं हितं आलेय. काजळाची डबी घेऊन आले न्हवते.

रंगूबाई : घातलं मीच. दिष्ट लागू नये म्हणून घातलं. त्येवढंसं लेकरू, येणारा-जाणारा तोंडात बोट घालून बघतो. पर बाई काजळासाठी न्हाय वरडली. काजळ तिनं पुसून काढलं आन गप बसली. वरडली ती पुण्यासाठी.

लीलाबाई : दवाखाना सगळा आपल्याकडं बघत हुता. मी जल्मात कुणाचं ऐकून घेतलं न्हाय असं.

रंगूबाई : घ्यावं लागतंय. "डोळं दाखवून आणलं का पुण्याला" म्हणून तिनं इचारलं, तर मी तुमच्या तोंडाकडं बघतीय आन तुमी माझ्या. दोन म्हशी वाटंत आडव्या हुब्या ऱ्हाव्यात तशा.

लीलाबाई : मला वाटलं नेऊन आणलं असंल.

रंगूबाई : नेऊन आणलं असंल? परस्पर? तुमच्या घरची लेक, सव्वा महिना व्हायच्या आत, तुमाला न इचारता पुण्याला नेली असती, आन वाटंत काय इपरीत झालं असतं, तर तुमी मला उभी ठेवली असती का दारात?

लीलाबाई : तसं म्हणू नका. मी म्हणते, पहिलं बाळंतपण माहेरचं. त्यात सासरच्यानं बोट घालायचं नसतं.

रंगूबाई : बाळंतपण माहेरचं, लेकरू सासरचं. मधी डोळं कुणाचं?

लीलाबाई : तुमची जीभ लई चालती, रंगूबाई.

रंगूबाई : जीभच चालली. पाय कुठं चाललं? दोन महिनं आधी जल्माला आली ती. तळहातावर मावंल एवढी, कातडं असं की आतलं दिसावं. तिला काचंच्या पेटीत घातली, नाकाशी ऑक्सिजनची नळी लावली, आन ह्या बाईनं ती जगवली. सोडताना तुमी हुता, मी हुते, दोघी हुतो. काय म्हणाली ती? एवढ्या लवकर आलेल्या लेकराच्या डोळ्यामागचा पडदा कच्चा असतो, ऑक्सिजन बी दिलाय, तवा महिना भरायच्या आत पुण्याच्या डोळ्याच्या डॉक्टरला दाखवाच. "दाखवाच" म्हणाली. मी ऐकलं.

लीलाबाई : मी बी ऐकलं.

रंगूबाई : मंग?

लीलाबाई : मंग काय? वाट बघितली. आज बोलावतील, उद्या बोलावतील. आमचा युवराज म्हणाला, आई, मी जाऊन घेऊन येतो का? ह्यांनी त्याला बसवला. म्हणाले, त्यांच्या घरात जाऊन तू त्यांना शिकवणार का? आधीच एकदा झालंय.

रंगूबाई : काय झालंय एकदा?

लीलाबाई : इसरलात व्हय? सातव्यात ओटी भरली तवा मी एवढंच म्हणाले, पोरगी सुकलीया, बाळंतपणापातुर काटेवाडीतच ठेवू, बारामती जवळ हाय. तर तुमचे गेणबाआबा ताटावरनं उठले. म्हणाले, आमच्या घरी खायला न्हाय का? तवाच ह्यांनी कानाला खडा लावला.

रंगूबाई : उठले. उठणारच. तुमच्याकडं बारमाही पाणी, ऊस, दारात दुभती जनावरं. आमची काळी रानं धरणात गेली, उरल्या माळावर आमी पुन्यांदा उभं ऱ्हायलो. तुमच्या तोंडनं साधं बी निघालं तरी आमाला टोचतं. हे माझं मी सांगते, त्यांना सांगू नका.

लीलाबाई : मला टोचायचं न्हवतं.

रंगूबाई : ठाव हाय मला. पर ठेवली असती काटेवाडीत तर बरं झालं असतं. हे बी त्यांना सांगू नका.

लीलाबाई : फोन तरी करायचा हुता.

रंगूबाई : केला की! आमचं मालक रस्त्यावरच्या दुकानात गेलं, तुमच्या डेअरीत फोन लावला. तुमचं दत्तोबाराव आलं फोनवर. मी शेजारी हुभी. आधी पाऊसपाणी झालं, मंग उसाची तोड झाली. मी कोपर मारलं तवा कुठं पुण्याचं निघालं. मालक म्हणालं, डॉक्टरीणबाई डोळं दाखवा म्हणाल्यात, तर काय करायचं, पाव्हणं? तिकडनं दत्तोबाराव म्हणालं, तुमी म्हणाल तसं. मालक म्हणालं, छे छे, तुमी म्हणाल तसं. ते म्हणालं, आमचं काय न्हाय, तुमी म्हणाल तसं. दुकानदार हसाय लागला. मालकानं फोन ठेवला आन मला म्हणालं, माणसं लई मोठ्या मनाची हायत.

लीलाबाई : फोनचं मला ठाव न्हवतं. हे घरी येऊन एवढंच म्हणाले. पाव्हणा सज्जन हाय, आपला मान राखतो.

रंगूबाई : मान राखला. आता घ्या तो मान, बांधा पोरीच्या डोळ्याला.

लीलाबाई : असं अभद्र बोलू नका हो. अजून काय झालेलं न्हाय. मी मघाशी चुटकी वाजवली तर छकुलीनं मान वळवली माझ्याकडं. बघती ती.

रंगूबाई : आवाजाकडं वळवली. ऐकती ती. बघती का न्हाय ते तुमाला कळंना आन मला बी कळंना. बाहेरनं कळतच न्हाय म्हणाली बाई. डोळं वरनं टपोरं, चांगलं. आतला पडदा सुटत असतो. थोडका सुटला असंल तर पुण्यात मशिनीनं अजून धरता यील. पुरता सुटला तर न्हाय. जल्माचा अंधार. आजच्या आज न्या म्हणाली, उद्या म्हणाली न्हाय.

लीलाबाई : ऐकलंय मी. पुन्ना पुन्ना काय सांगताय?

रंगूबाई : मागल्या टायमाला बी ऐकलं हुतं, म्हणून सांगतीय.

लीलाबाई : निरोप धाडलाय मी. युवराज ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर गेलाय, ऊस खाली झाला की यील. हे बी येतील. बापाला, आज्याला न सांगता लेकरू एवढ्या लांब कसं न्यायचं? सही-बिही लागली, काय चिरफाड म्हणाले, तर बायामाणसांनी काय सांगायचं तितं?

रंगूबाई : कारखान्यावर लाईन किती हाय?

लीलाबाई : ते मला काय म्हाईत? सीझन हाय. असंल मोठी.

रंगूबाई : मंग सांजच व्हईल.

लीलाबाई : थांबावं लागंल. का न थांबता निघावं? तुमाला काय वाटतं?

रंगूबाई : मला इचारताय? लेकरू तुमचं. थांबायचं तर थांबू, निघायचं तर निघू. तुमी म्हणाल तसं.

लीलाबाई : काय म्हणालात? रंगूबाई, आत्ता काय म्हणालात तुमी?

रंगूबाई : निघालं तोंडातनं. जळलं मेलं तोंड. जल्मभर हेच शिकवलंय मला, व्याह्याच्या म्होरं मान खाली घालायची. डोस्कं चालायच्या आधी जीभ म्हणती.

लीलाबाई : मी बी तेच म्हणणार हुते. तुमी आधी म्हणालात एवढंच.

रंगूबाई : वैजू, आलीस व्हय? पिली का गं ती? बस हितं जरा. पिशवी खांद्याला का अडकवलीस?

वैजयंता : जीप आलीय, आई. आतल्या सिस्टरनी बोलावून दिली. पुण्याच्या डॉक्टरांना बाईंनी फोन केलाय, ते थांबणार आहेत.

लीलाबाई : अगं, पर युवराज येतोय की. मामंजी येतायत. दम धर वाईच.

वैजयंता : त्यांना पुण्यालाच पाठवा, आत्याबाई. पत्ता सिस्टरकडं आहे.

रंगूबाई : बाळंतीण हायस तू. सव्वा महिना भरला न्हाय अजून. एवढ्या लांब, वाऱ्यात...

वैजयंता : शाल आहे. हिला पण गुंडाळून घेतलंय. आई, ती पिताना माझ्या तोंडाकडं बघत नाही. मला पहिल्यापासून वाटत होतं. लवकर झालीय, लहान आहे, बघेल पुढं, असं मनाला सांगायची मी. तू काहीतरी म्हणशील, काटेवाडीवरनं कुणीतरी काहीतरी म्हणेल, म्हणून रोज दाराकडं बघत बसले. मी पण गप्पच बसले. बाळंतिणीनं मधी बोलायचं नाही म्हणून.

रंगूबाई : मला सांगायचंस की गं, बाई.

वैजयंता : तू आबांना सांगितलं असतंस. आबांनी मामंजींना विचारलं असतं.

लीलाबाई : हे बघ वैजयंता, मी आडवी येत न्हाय. जायला पायजे, कळतंय मला. पर उद्या युवराजनं इचारलं, ह्यांनी इचारलं, तर मी काय सांगू? गाडी बोलावताना कुणाला इचारलंस तू?

वैजयंता : हिच्या आईला विचारलं.