ब्रिन स्वतंत्र झाली

मर्ना : दादा, तुझी लेक गेली. सरकारदरबारी ती आता कुणाचीच नाही.

लॉयड : मी काही ऐकलं नाही. तू काही बोलली नाहीस. माझं विवरणपत्र पाठवायचं ते बटण पुन्हा दाब.

मर्ना : तीनदा दाबलं! अर्ध्या टोलेडो शहराची आयकराची विवरणपत्रं भरते मी, असं नाकारून परत कुणाचं आलं नाही. करखातं म्हणतंय, ही व्यक्ती कुणावरही अवलंबून नाही, असं तिने स्वतःच कळवलंय.

लॉयड : ही व्यक्ती? ब्रिन? सुट्टीला घरी आलीय, आज सकाळीच विचारत होती, अंडं किती वेळ उकडायचं!

मर्ना : ती तुझी आश्रित असेल, तरच तिच्या कॉलेजच्या फीवरची करसवलत तुला. अडीच हजार डॉलर. नाहीतर भोपळा.

लॉयड : त्याच पैशांतून तिची पुढची फी भरायचीय! ब्रिन! खाली ये!

ब्रिन : काय झालं? कोण गेलं?

लॉयड : तू.

मर्ना : बाळा, तू स्वतःचं विवरणपत्र भरलंस?

ब्रिन : हो आत्या, फोनवरून. आइस्क्रीमच्या दुकानातल्या पगारातून कापलेला कर परत मिळाला!

मर्ना : आणि "दुसरं कुणी तुम्हाला आश्रित दाखवू शकतं का?" तिथे?

ब्रिन : "नाही." बाबानेच सांगितलेलं.

लॉयड : मी?

ब्रिन : हॉस्टेलवर सोडायला आलास तेव्हा. डोक्यावर गादी घेऊन भाषण केलंस. "आजपासून तू स्वतंत्र. कुणावर अवलंबून राहायचं नाही." शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या वडिलांनी टाळ्याही वाजवल्या.

लॉयड : अगं, सगळेच बाप करतात ते भाषण! म्हणून कुणी सरकारला कळवतं?

ब्रिन : मग खोटं लिहायचं होतं?

मर्ना : तुझी खोली, जेवण, गाडीचा विमा कोण भरतं?

ब्रिन : बाबा. पण कपडे धुवायच्या मशीनची नाणी माझी असतात.

(लॉयड खुर्चीत बसतो.)

मर्ना : तू दुरुस्ती पाठव. मग याचं विवरणपत्र मी टपालाने पाठवते. मिळेल सवलत, उशिरा.

ब्रिन : आत्ता पाठवते. एवढं तोंड काय पाडतोस, बाबा? तसंही, चोवीसची झाले की शिकत असले तरी मी तुझ्या कागदावरून निघणारच आहे. आपोआप.

लॉयड : आपोआप? मला न विचारता?

मर्ना : कायदाच आहे, दादा.

लॉयड : लिहून घे, मर्ना. "माननीय करखात्यास : सदर कन्येस आश्रितांमधून वगळण्याची मुदत, अर्जदाराच्या मनाची तयारी होईपर्यंत, पुढे ढकलण्यात यावी, ही नम्र विनंती."