चेरीच्या बाटलीतलं करवंद

“खरी दारू मोरीत वतून दिली म्या. आता बाटलीत करवंदाचा गोड रस हाय. त्यास्नी कुटं कळतंय!”

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी शेजारणीला सांगत होत्या. मी दाराआड तांदूळ निवडत होते. नवी सून असल्यामुळे ऐकू न आल्यासारखं करायला शिकले होते.

मामंजी धरणावरच्या साहेबाच्या बंगल्यात खानसामा होते. विलायतेला परतताना साहेबानं त्यांना चेरीच्या दारूची बाटली दिली होती. “रुपयात चार आणे दारू, बाकी साखर,” असं मामंजी म्हणायचे. काविळीत डॉक्टरांनी तीही बंद केली, तरी संध्याकाळी चमचाभर हवीच.

“कशी लागतीया?” आत्याबाई विचारायच्या.

“लई कडक!” मामंजी डोळे मिटून म्हणायचे.

एकदा मी एकटीच जवळ होते, तेव्हा ते हळूच म्हणाले, “पोरी, साहेबाच्या पुडिंगवर जन्मभर तीच वतली. मला करवंद वळखू येत न्हाई व्हय? पर बोलू नगंस. तिला वाटतंय, मला बरं वाटतंय.”

मी बोलले नाही. पाऊस लागायच्या आत मामंजी गेले.

भेटायला आलेल्या बायकांपुढं आत्याबाईंचं रडणं थांबेना. “मरत्या माणसाला खोटं पाजलं म्या. फसवून धाडलं त्यास्नी.”

सासरी चारचौघींत मी तोवर तोंड उघडलं नव्हतं.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “मामंजींना पयल्याच चमच्याला कळलं हुतं. तरी रोज तुमच्याच हातचं मागत हुते.”