गाठ फुप्फुसातलीच निघाली

—नाही, आज माप मीच घेणार, हे आत पडलेत. हात जरा सैल सोडा. हं, असे. खोकून खोकून आत्ताच डोळा लागलाय त्यांचा, म्हणून हळू बोलतेय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर गिऱ्हाइकापुढे कशाला रडगाणं — छातीत गाठ आहे त्यांच्या. आम्ही आपले खोकला, खोकला म्हणून बाटल्यांवर बाटल्या संपवतोय आणि फोटोत बघावं तर ही गाठ. मग पाठीतून बारीक सुई घालून पेशी काढल्या. मला वाटलं, झालं, आता कळेल. कुठलं कळतंय! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ वाईटच आहे, पण मुळात फुप्फुसातली की दुसरीकडून आलेली, ते नुसत्या पेशी बघून सांगता येत नाही, त्यांच्यातली जनुकं तपासू. जनुकं म्हणजे — मलाही तेव्हाच कळलं — पेशीच्या आतच लिहून ठेवलेलं असतं म्हणे सगळं, त्यात कुठे काय बिघडलंय ते बघतात. त्यावरून गाठ कुठली तेही कळतं, आणि ठरावीक बिघाड सापडला तर त्याच्यावर गोळी असते. रोजची गोळी, बस. माणूस कामावरसुद्धा जातो. वळा जरा.

तर त्या गोळीवर आम्ही जीव टांगून बसलो. आणि निरोप काय आला? पेशी पुरल्या नाहीत. पहिल्या तपासण्यांतच संपल्या. परत सुई. हे म्हणाले, टोचा, मी जन्मभर कापडाला टोचत आलोय, आता माझी पाळी. हसले सगळे. आणि त्या खेपेला फुप्फुसाला भोक पडलं, छातीत हवा भरली, बरगड्यांमधून नळी घातली — चूक कुणाची नव्हती हो, होतं म्हणे असं कधीकधी. मी खाटेशेजारी नुसती बसलेली. करणार काय? पाणी हवं का विचारायचं, उशी सारखी करायची. एवढंच हातात.

उजवा खांदा जरा उतरता आहे तुमचा — असू दे, आतून भर घालू. तर परवा निकाल आला. हे एक्सरे काढायला गेले होते, तेवढ्यात मुलीला आणि मला आत बोलावलं. गाठ फुप्फुसातलीच. तेवढं पक्कं झालं. पण गोळी ज्याच्यावर चालते तो बिघाड तिच्यात नाही. एकसुद्धा नाही. मी म्हटलं, परत बघा ना, पेशी कमी पडल्या असतील. तर म्हणाल्या, ‘या वेळी भरपूर होत्या, मावशी.’ सलाईनमधून द्यायची औषधं आहेत, पण ती त्यांच्या मुळातच अधू हृदयाला झेपायची नाहीत. त्रास कमी करत राहू, म्हणाल्या.

त्यांना? नाही सांगितलं. मुलगी म्हणाली, आई, बाबांना आत्ताच नको. म्हणून मी सांगून टाकलं, निकाल यायचाय अजून. पटलं त्यांना. पटलं की! उलट काल चांगले उठून बसले, मला हाक मारली, खडू हातात दिला आणि म्हणाले, कोट बेतायला शीक. इतक्या वर्षांच्या संसारात कात्रीला हात लावू दिला नाही मला — शिवणं तुझं, बेतणं माझं. आणि काल जवळ बसवून — इथे कापड जास्त सोड, मुंढ्याला, बाही बसते तिथे, घाई करू नकोस — दम लागला की थांबायचे, श्वास आला की परत सुरू. मी म्हटलं, एवढी कसली घाई, बरे झालात की शिकवा. तर म्हणाले, ‘तुला यायला हवं.’ तेवढंच. निकालाचं एकदाही विचारलं नाही. आधी सारखं विचारायचे, आला का, आला का, नुसता जीव खायचे — आणि काल नाही. आज सकाळी पण नाही —

नाही, तुम्ही काही बोलला नाहीत. बोलता बोलता माझ्याच आत्ता लक्षात आलं.

झालं तुमचं माप. कधी मिळेल ते आज नका विचारू. जा तुम्ही. दार हळू लोटा.