रडायचं कुठल्या बोलीत

(नारीनच्या बाजूचं किरगिझ गाव. अंगणात शोकासाठी उभारलेला लोकरी नमद्याचा तंबू. पडद्याआड म्हाताऱ्याचं शरीर ठेवलेलं. अलीकडे त्याची बायको उर्कुया, राजधानीतून आलेली लेक कान्शायिम आणि दक्षिणेतल्या बात्केनची सून तुर्सुनाय. लेक आईला ‘आपा’ आणि बापाला ‘आके’ म्हणते; सून नणंदेला ‘एजे’ आणि सासूला ‘एने’. बाहेर पुरुष काठ्यांवर टेकून उभे आहेत.)

कान्शायिम : रडू नकोस असं कुठं म्हणतेय मी? रड की. फक्त शब्द काढू नकोस तोंडातून. नुसते हुंदके दे.

तुर्सुनाय : अहो एजे, नुसते हुंदके कसे द्यायचे? सून विलाप करते तो शब्दांतच करते. तुमच्याकडेही आणि आमच्याकडेही.

कान्शायिम : मग शब्द हवेत ना तुला? हे घे, मोबाईलवर ऐक. शहरातल्या एका बाईंकडून मुद्दाम बांधून घेतलंय. शुद्ध भाषा आहे. माझ्या सासरची माणसं दुपारी येतील, तोवर पाठ होईल.

तुर्सुनाय : ऐकलं मी सकाळीच. ‘हजार घोड्यांचा धनी, डोंगरातला सिंह.’ कोण हा माणूस, एजे? आपल्या घरात तर राहत नव्हता.

उर्कुया : घोडे? त्याला एकदा घोड्यानं आपटलं होतं. तेव्हापासून घोडं दिसलं की शिवी हासडायचा.

कान्शायिम : आपा, सगळ्यांच्याच विलापात घोडे असतात. पद्धत असते ती.

तुर्सुनाय : जन्मभर शाळेचा बॉयलर पेटवला त्यांनी. पोरांचे वर्ग गार पडू नयेत म्हणून पहाटे बर्फ तुडवत जायचे. हे जुदे चांगलं काम नाही का सांगण्यासारखं?

कान्शायिम : आलं. आलंच बघ ते. जुदे.

तुर्सुनाय : काय झालं?

कान्शायिम : दर वाक्याला जुदे. जुदे चांगलं, जुदे थंडी, जुदे गोड. डोकं उठतं माझं. आमच्याकडे कुणी म्हणतं का असं?

तुर्सुनाय : जुदे म्हणजे फार. एवढंच आहे ते. शिवी नाही.

कान्शायिम : मला माहितेय गं काय आहे ते. मनाला लावून घेऊ नकोस.

तुर्सुनाय : हे एक ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मनाला लावून घेऊ नकोस. आधी टोचायचं, मग वर म्हणायचं लावून घेऊ नकोस. आणि त्यानंतरचं ते दुसरं, ‘अगं, गंमत केली.’ नऊ वर्षं मी तुमची गंमत आहे. माझ्या जुदेनं तुमचं डोकं उठतं ना? तुमच्या या गमतीनं माझं पोट दुखतं.

कान्शायिम : आवाज खाली. पडद्याआड आके आहेत.

तुर्सुनाय : असू देत. त्यांच्यासमोरच बोलायचंय मला. मागच्या वर्षी काका गेले तेव्हा मी विलाप केला. कुणीतरी तो मोबाईलवर घेतला आणि सगळ्या घराण्याच्या ग्रुपवर फिरवला. लोक मोजत होते मी किती वेळा जुदे म्हटलं ते. माणूस मेलेला असताना.

कान्शायिम : ते माझ्या जावेनं केलं होतं.

तुर्सुनाय : हो. आणि त्याच्याखाली हसणारं तोंड कुणी टाकलं होतं?

कान्शायिम : ...सगळ्यांनीच टाकलं होतं.

तुर्सुनाय : तुमचं पहिलं होतं, एजे. मी बघितलंय.

उर्कुया : तू हसलीस? तुझ्या काकाच्या मयतीवर?

कान्शायिम : मयतीवर नाही आपा, बोलण्यावर. गंमत म्हणून...

तुर्सुनाय : म्हणा, म्हणा. पूर्ण म्हणा.

कान्शायिम : बरं, चुकले. पुरे? आता माझंही ऐक. येणारी माणसं माझ्या सासरची आहेत. दीर, जावा, त्यांच्या सुना. मला जन्म त्यांच्यात काढायचाय. उद्या त्यांच्या जेवणाच्या टेबलावर माझ्या बापाची मयत म्हणजे एक नक्कल होऊन बसेल. ईद असो, बारसं असो, कुणीतरी उठेल आणि तुझा आवाज काढून दाखवेल. आणि मी काय करायचं? हसायचं त्यांच्याबरोबर?

तुर्सुनाय : गेल्या वर्षी जमलं होतं की.

कान्शायिम : जीभ फार चालते तुझी.

तुर्सुनाय : तीच तर धरून ठेवा म्हणताय. माझ्या पोराला शाळेत ‘सार्त’ म्हणून चिडवतात, म्हणजे किरगिझ नाही, उझबेकच. त्याचा जन्म इथला, बाप इथला. मी त्याला अहो-जाहो करते म्हणून. आमच्याकडे लहान पोरांशीही मानानं बोलतात, त्यात काय चुकलं? परवा मला म्हणाला, आई, शाळेच्या फाटकात येत जा, पण बोलू नकोस. सात वर्षांचं पोर. हे त्यानं कुठं ऐकलं असेल? घरातच ना?

उर्कुया : मी नाही शिकवलं त्याला.

तुर्सुनाय : तुम्ही नाही, एने. पण तुम्ही कधी कुणाला गप्पही नाही केलंत.

कान्शायिम : तुला वाटतं तुझ्यावरच हसतात लोक? मी या गावातून शिकायला शहरात गेले तेव्हा वसतिगृहातल्या पोरी मला ‘मिर्क’ म्हणायच्या. गावंढळ. मी भाकरी मागितली तरी पोट धरून हसायच्या. वर्षभर तोंड उघडलं नाही मी. मग घासून घासून अशी भाषा केली की मी कुठली ते कुणाला कळू नये. मला जमलं. तुला नऊ वर्षांत एक शब्द सोडवत नाही?

तुर्सुनाय : आणि काल काय झालं मग?

कान्शायिम : काल काय?

तुर्सुनाय : लेकीनं फाटकापासून हंबरडा फोडत यायचं असतं, बापाला हाका मारत. तुम्ही गाडीतून उतरलात आणि तुमच्या तोंडून रशियन निघालं. ‘पापा, पापोचका.’ सगळ्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

कान्शायिम : गप्प बस.

तुर्सुनाय : मी नाही बघितलं कुणाकडे. मी तुम्हाला धरून आत आणलं.

कान्शायिम : गप्प बस म्हणते ना.

उर्कुया : गप्प का बसेल? खरं आहे ते. मीही ऐकलं.

कान्शायिम : मला आठवेना, आपा. सगळ्या रस्त्यानं ठरवत आले होते काय म्हणायचं ते. उतरले, तंबू दिसला, आणि आपला एक शब्द आठवेना. माझ्या बापाला मी परक्या भाषेत रडले. आणि ही, ही कुठली कोण, डोंगरापलीकडची, हिला सगळं येतं. बसली की ओठावर शब्द तयार. मला राग तिच्या जुदेचा नाही येत. मला याचा येतो.

तुर्सुनाय : मग तसं सांगायचं. माझ्या बोलीला कशाला धरून बसलात?

उर्कुया : आता मी बोलते. सूनबाई, मलाही तुझं बोलणं आवडत नाही. आजही कानाला खटकतं. भाजी चिरताना तू एकटीच बडबडतेस ना, मला उठून जावंसं वाटतं. खोटं कशाला सांगू?

तुर्सुनाय : ठाऊक आहे मला, एने. तुम्ही उठून जाता.

उर्कुया : जाते. म्हातारा मात्र जायचा नाही. स्टूल घेऊन चुलीपाशी बसायचा. मी म्हणायची, काय ऐकतोस त्या पोरीचं? तर म्हणायचा, बसू दे गं, घरात माणसाचा आवाज आहे. पोरगी शहरात, पोरगा कामावर, आणि मी ही अशी, सकाळी तोंड मिटलं की रात्री उघडणारी.

कान्शायिम : मी फोन करायचे आकेंना.

उर्कुया : करायचीस. सणाला.

तुर्सुनाय : गाड्या थांबल्या वाटतं फाटकाशी.

कान्शायिम : तेच असतील. लवकर आले. ऐक तुर्सुनाय, ते मोबाईलवरचं राहू दे. तुझं तू म्हण. बॉयलरचं म्हण, बर्फाचं म्हण, तुझं ते जुदेही घाल हवं तर. फक्त एक कर. आकेंना ‘बावा’ म्हणू नकोस. पाया पडते. निदान हाक तरी आपल्याकडची मार. ‘आके’ म्हण.

तुर्सुनाय : सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लग्न होऊन आले तेव्हा हाक कशी मारायची ते मला कुणी सांगितलं नाही, नुसतंच काय म्हणायचं नाही ते सांगितलं. माझ्या माहेरी बावा म्हणतात. एकदा घाबरत घाबरत बावा म्हटलं आणि त्यांनी ओ दिली. तेव्हापासून त्यांना बावा म्हणणारी या घरात मी एकटी. आज दुसरीच हाक मारली तर त्यांना कळायचं नाही, एजे, की मी रडतेय.

उर्कुया : पाहुणे पुरुष रीतीप्रमाणे आक्रोश करत धावत येतायत. ओरडणं ऐका त्यांचं. आतून विलापाचं उत्तर जायला हवं.

कान्शायिम : सरक थोडी. तोंड भिंतीकडे कर. मला तुझ्या डाव्या हाताला बसू दे.

तुर्सुनाय : काय म्हणू मग?

कान्शायिम : जे म्हणतेस तेच. मी मागून धरते, जमेल तसं.

तुर्सुनाय : आणि कुणी हसलं तर?

कान्शायिम : हसू दे. त्या बाहेर जाईपर्यंत मी एकेकीचं तोंड बघून ठेवते.