छताच्या कापडावरचा डाग

सभेचे अध्यक्ष, व्यासपीठावरचे मंत्रिमहोदय, आपल्या जुन्या मोटारींच्या क्लबचे सभासद, त्यांच्याबरोबर नाइलाजाने आलेली त्यांची घरची मंडळी आणि आजचे सत्कारमूर्ती, आमचे दादा,

दादा आता मुलीकडे राहायला चालले. हा क्लब त्यांनीच सुरू केला आणि एकच नियम घालून दिला. मालकासमोर त्याच्या गाडीला नावं ठेवायची नाहीत, कौतुकच करायचं. "त्याने जीव लावलेला असतो रे," म्हणायचे. गंजक्या डब्यासमोर उभं राहून "वा!" म्हणायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. हसू नका, त्यातले दोन डबे इथे बाहेरच उभे आहेत.

मघाशी मंत्रिमहोदयांनी आपली मिरवणुकीची मोटार दादांना भेट दिली, कारण मुळात ती दादांचीच. केवढं मोठं मन! टाळ्या थांबेनात. दादांनी मात्र हात जोडले आणि किल्ली परत केली. मग जी कुजबुज झाली, ती माझ्याही कानावर आली. म्हातारा फार ताठ आहे म्हणे. दादा आणि ताठ? असं म्हणणाऱ्यांनी वहिनींना पाहिलेलं नाही.

वहिनी दादांपेक्षा चार बोटं उंच. लग्नाच्या फोटोत दादा पायरीवर उभे आहेत, हे गुपित आज फोडून टाकतो. त्या मोटारीत वहिनी शेजारी बसल्या, की प्रत्येक खड्ड्याला त्यांचं डोकं छताला लागायचं. "अहो, गाडी चालवताय की माझ्यावर सूड उगवताय?" दादा म्हणायचे, "तू जरा खाली सरकून बस." छताच्या आतल्या कापडावर त्यांच्या केसांच्या तेलाचा गोल डाग पडला होता. तो दादांनी कधी पुसू दिला नाही. शेजारच्या दाराची मूठ तुटली, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाची पितळी मूठ काढून तिथे बसवली. वहिनी पुढे कित्येक वर्षं ते कपाट चमच्याने उघडत होत्या.

वहिनींच्या आजारपणात मोटार विकली. वहिनी काही वाचल्या नाहीत. पुढे दादा प्रत्येक प्रदर्शनात, प्रत्येक भंगारवाल्याकडे ती गाडी शोधत फिरले. आम्हाला वाटायचं, गाडीचं वेड, दुसरं काय!

मग निवडणूक झाली आणि विजयाची मिरवणूक आमच्या गॅरेजवरून गेली. ती पितळी मूठ आमच्या मेकॅनिकने आधी पाहिली. "दादा, तुमची गाडी!" आम्ही सगळे धावत सुटलो. मंत्रिमहोदय, आपण गळ्यात हार घालून गाडीत उभे होतात. आपल्याला उभं राहता यावं म्हणून कार्यकर्त्यांनी हौसेने छत कापलं होतं.

आम्ही जुन्या गाड्यांची माणसं आहोत हे कळल्यावर आपण आपुलकीने थांबलात आणि विचारलंत, "कशी वाटली?" दादांनी आत डोकावलं. मग वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं. ते म्हणाले, "छान ठेवलीय, साहेब." नियम त्यांचाच ना!

घरी आल्यावर मला म्हणाले, "कापलेलं छत कुठे टाकलं, तेवढं विचारून ये." मी विचारून आलो. ते भंगारात जाऊन कधीच वितळलं होतं. तसं दादांना येऊन सांगितलं.

मंत्रिमहोदय, आपला यात काय दोष? गाडी दादांची, एवढंच आपल्याला कळलं; छताचं कुणी सांगितलंच नाही, सगळ्यांनी कौतुकच केलं. आज किल्ली परत करताना दादा जे बोलले, ते माइकपर्यंत पोचलं नाही. मी शेजारी होतो. ते म्हणाले, "साहेब, गाडी आहे, पण तिचं डोकं लागायचं ती जागाच राहिली नाही. मी यात कुणाला शोधू?"

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. मालकासमोर गाडीला नावं ठेवून मी आज क्लबचा नियम मोडला. सभेने मला क्षमा करावी. दादा, तुम्हीही करा. मला 'छान' म्हणवलं नाही.